परसातील होडी

हर्णैजवळच्या एका गावात हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या एका श्रावकाच्या परसात, माडाखाली, सहा वर्षे फायबरची १६ फुटी मोटरबोट पालथी पडली होती. थकलेल्या उधारीपोटी ती आली, वहीतले खाते मिटले. दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यावर शेठजींनी तिच्याकडे लक्ष वळविले.

दिवाळीनंतर एका कोळी कारागिराला सोबत घेऊन त्यांनी ती लाकडी हातोडीने ठोकून पाहिली. निकोप फायबर खणखणीत वाजते, पाणी मुरलेल्या जागी आवाज बद्द येतो. तळ बरा निघाला. परंतु इंजिन जिच्यावर बसते त्या मागच्या फळीच्या पोटातील प्लायवूड पार कुजले होते. बोल्टांची छिद्रे नीट बुजविली नाहीत की पाणी तेथून शिरते आणि वरचे कवच मात्र शाबूत दिसत राहते. आयुष्यभर उधारी सांभाळलेल्या माणसाला हे दुखणे परके नव्हते.

कवच कापले तो आत मुंगळ्यांची वस्ती. ती आपण होऊन हलेपर्यंत दोन दिवस काम थांबले. कारागीर हसला, मजुरी मात्र त्याला दोन्ही दिवसांची मिळाली.

नवे प्लायवूड बसले, त्यावर काचतंतूंचे थर व रेझिन चढू लागले. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन भागच घालावयाचा, उन्हात त्याहून हात आखडून. फाल्गुनातल्या एका दुपारी शेठजींनी प्रमाण ढळू दिले आणि डब्यातला सगळा माल धुमसत तिथेच थिजला. जो माल वर्षानुवर्षे विकला, तो वापरावा कसा हे त्यांना ठाऊक नव्हते!

“अहो, हौसेपायी एवढा आरंभ, हा अनर्थदंड नव्हे का?” पत्नीने विचारले. शेठजी निरुत्तर झाले.

तळासाठी मुलाने तांबेयुक्त रंग आणला. त्यातील तांबे हळूहळू पाण्यात सुटते आणि तळाला चिकटू पाहणाऱ्या जीवांना मारते. “पप्पा, सगळेच लावतात,” मुलगा म्हणाला. डबा मांडणीवर परत गेला. होडी पाण्यात मुक्कामाला ठेवली नाही तर या रंगाची गरजच नसते. प्रत्येक खेपेनंतर ती वाळूवर ओढून घ्यावी लागते, इतकेच.

चैत्रात होडी सिद्ध झाली आणि पहिले मागणे आले ते त्या कारागिराचेच. “शेठ, मला द्या. जाळं टाकायला झकास आहे. पैसे हप्त्यानं फेडीन.”

ज्याच्या हातांनी ती उभी राहिली, ज्याची चूल मासळीवरच पेटते, त्याला नाही म्हणणे सोपे नव्हते. परक्या गिऱ्हाइकाला वाटेला लावता आले असते. शेठजींनी सुवर्णदुर्ग पाहणाऱ्यांची ने-आण करण्याचे सुचविले. मेरीटाईम बोर्डाच्या परवान्याचा खर्च आपण करू, होडीचे पैसे नकोत, असेही सांगितले.

“पावसाळ्यात पर्यटक कुठले, शेठ?”

“पावसाळ्यात जाळी तरी कुठे पडतात?”

कारागीर घरी विचारून सांगतो म्हणाला. अक्षय्य तृतीया उलटली. होडी अजून माडाखालीच आहे, आता सुलटी.