रसेल स्ट्रीटवरच्या जर्मन आधुनिका

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरून आत वळले की रसेल स्ट्रीट लागतो. पाटीवर त्याचे नाव आनंदीलाल पोद्दार सरणी असले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. एकेकाळी हा रस्ता लिलावघरांसाठी प्रसिद्ध होता. आता त्यांतली मोजकीच उरली आहेत. १९४० साली सुरू झालेले ‘द रसेल एक्स्चेंज’ त्यांपैकीच एक.

जुनी घरे पाडून तिथे फ्लॅट उभे राहू लागले की घरातली झुंबरे, पलंग, ग्रामोफोन अशा लिलावघरांच्या वाटेला लागतात. या पसाऱ्यात कधीकधी चिनी मातीची एखादी वीतभर उंचीची तरुणीही हाती लागते. आखूड कापलेले केस, अंगात पोहण्याचा पोशाख किंवा गुडघ्याएवढा झगा आणि नजरेत बेफिकिरी!

ही तरुणी बहुधा जर्मनीची. मायसेनच्या कारखान्यात १७१० पासून चिनी मातीच्या वस्तू बनत. तिथल्या बाहुल्या म्हणजे नटलेल्या सरदारकन्या आणि मेंढपाळणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र रोझेंथाल, हुत्शेनरॉयथर आणि थुरिंगियातले छोटे कारखाने नर्तकी, जलतरणपटू अशा नव्या स्त्रिया घडवू लागले. जर्मन स्त्रियांनी १९१९च्या जानेवारीत देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले. बदललेली स्त्री अशी दिवाणखान्यातल्या कपाटातही येऊन उभी राहिली.

पारख कशी करावी?

हौशी संग्राहक बाहुली हातात घेतो, ती आधी उलटी करतो. तळाशी कारखान्याची खूण असते. मायसेनच्या दोन निळ्या तलवारी, रोझेंथालचा मुकुट आणि गुलाब, हुत्शेनरॉयथरचा सिंह. पण खुणांचीही नक्कल होते, म्हणून तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

अशी बाहुली अखंड घडत नाही. हात, पाय, डोके वेगवेगळ्या साच्यांत ओतून मग जोडतात. झग्याची झालर तर अनेकदा खऱ्या लेसची असते. लेस पातळ मातीत बुडवायची. भट्टीत धागा जळून जातो आणि मातीची जाळी मागे राहते. म्हणूनच बोटे आणि झालर आधी तुटतात. तिथे रंग किंचित वेगळा दिसला, तर डागडुजी झाली आहे असे समजावे.

कपाटातल्या शेजारणी

जर्मन कारखान्यांनी भारतीय गिऱ्हाइकांसाठी देवीही घडवल्या. राजा रविवर्म्यांच्या चित्रांवरून तिथे लक्ष्मी, सरस्वतीच्या मूर्ती बनल्या. मराठी घरांत रविवर्मा पोहोचले ते मुंबईत १८९४ साली निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यातून. तो छापखानाही नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. म्हणजे देवी आणि आधुनिका, दोघींचे माहेर एकच!

पण आधुनिक स्त्री कोलकात्याला जर्मनीहून आली, असे मात्र कोणी समजू नये. कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू १८८३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. कादंबिनी पुढे गांगुली आडनावाने डॉक्टर म्हणून नावाजल्या. जर्मनीतल्या प्रशिया राज्याने विद्यापीठांची दारे मुलींना रीतसर उघडली ती १९०८ साली, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनी. कपाटात चिनी मातीची तरुणी येण्याआधीच कोलकात्याच्या मुली पुस्तके घेऊन घराबाहेर पडल्या होत्या.

म्हणून कोलकात्याला गेलात, तर रसेल स्ट्रीटवर जरूर चक्कर मारा. मग उत्तरेला विधान सरणीवर जा. तिथे बेथून कॉलेज आजही भरते. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुली पाहिल्या, की मूळ मूर्ती कोणती आणि प्रतिकृती कोणती हे वेगळे सांगावे लागत नाही.