आधी नाडी बघा

गेल्या हिवाळ्यात ह्यांनी ऑकलंडच्या आमच्या गॅरेजमधलं कामाचं टेबल विकायला काढलं. "हात गेला माझा," म्हणाले. कारण होतं एक क्रिस्टल ऑसिलेटर.

क्वार्ट्झचा तुकडा छोट्याशा भट्टीत एकाच तापमानाला ठेवला की सेकंदाला १ कोटी स्पंदनं, जवळजवळ न ढळता, देतो. ऑकलंडची रेकॉन कंपनी १९६७ पासून क्वार्ट्झच्या धंद्यात आहे. ह्यांना ते वेड इथेच लागलं. पण काउंटर कधी १ कोटी दाखवायचा, कधी बरंच जास्त. ह्यांनी दोनदा क्रिस्टल बदलला, फरक नाही.

मी विचारलं, "कमी कधी दाखवतो का?"

"नाही. जास्तच."

माझी हयात वॉर्डात गेली. ईसीजी मॉनिटर कधीकधी उंच टी-लहरही ठोका म्हणून मोजतो आणि ७० चे १४० करतो. अशा वेळी नर्स आधी रुग्णाची नाडी धरते. म्हटलं, क्रिस्टलची नाडी बघा.

शुक्रवारी दुपारी भट्टी चालू केली. शब्बाथभर हात लावला नाही. आम्ही शनिवार तेल्यांची लेकरं, आणि भट्टीलाही स्थिरायला वेळ हवाच. शनिवारी तीन तारे दिसल्यावर ऑसिलोस्कोप थेट ऑसिलेटरला लावला. लहर स्वच्छ! पुढे कम्पॅरेटर तिचे चौकोनी ठोके करतो, तिथे मात्र एका चढावर दोन-तीन कडा. लहर उंबरठा ओलांडताना पॉवर सप्लायचा गोंगाट तिला मागेपुढे ढकलत होता, आणि काउंटर प्रत्येक ढकलणं मोजत होता.

बॅटरी लावली, कडा कमी झाल्या. मग कम्पॅरेटरच्या आउटपुटवरून त्याच्या धन इनपुटला एक रेझिस्टर जोडला. आता चढताना उंबरठा जरा वर, उतरताना जरा खाली. किरकोळ धक्क्याने ठोका उलटत नाही. काउंटर १ कोटीवर थांबला.

मला अलिबाग आठवलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये तिथे हलवलं. आपल्या पूर्वजांचं नवगाव तिथून जवळच. तेव्हाही उपकरणं चांगलीच होती. शेजार बदलावा लागला.

ह्यांनी टेबलाची जाहिरात काढून टाकली. मला विचारलं, "बाई, अजून कुणाची नाडी बघायची आहे?" मी त्यांचाच हात हातात घेतला. ७२.