ऐकून घेणारे चौसष्ट बाइट

मनुष्याच्या शहाणपणाचें माप त्याच्या बोलण्यावरून घेण्याची आपली रीत आहे; ऐकण्याची परीक्षा कोणी घेत नाहीं. एका जुन्या खेळयंत्रानें मात्र ती सक्तीची करून ठेविली आहे.

निन्टेंडोचें सुपर फॅमिकॉम १९९० सालीं जपानांत विक्रीस आलें. त्यांत ध्वनीचा संसार निराळा मांडलेला आहे: सोनीच्या केन कुतारागी यांनीं योजिलेली स्वतंत्र व्यवस्था, तिचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची ६४ किलोबाइटांची स्मृति, एका वेळीं उमटणारे आठ आवाज. मुख्य प्रोसेसराला त्या स्मृतींत हात घालतां येत नाहीं. दोघांमध्यें आहेत त्या केवळ चार खिडक्या. एका खिडकींत एका वेळीं एकच बाइट मावतो.

यंत्र सुरू होतें तेव्हां ध्वनिप्रोसेसराजवळ गाणें नसतें. असतो तो ६४ बाइटांचा एक कायमचा पाठ. त्याप्रमाणें तो स्मृतीचा पहिला कोपरा झाडून शून्य करतो आणि दोन खिडक्यांत १७० व १८७ हे आंकडे मांडतो; म्हणजे, "मी तयार आहें." ते दिसल्यावांचून मुख्य प्रोसेसरानें बोलावयाचें नाहीं. मग तो पत्ता सांगतो, २०४ हा आंकडा टाकतो. तोच उलट आला, कीं पहिला बाइट. प्रत्येक बाइटाबरोबर क्रमांक, आणि तो क्रमांक परत येईपर्यंत पुढचा बाइट नाहीं. पलीकडचा ऐकण्याच्या स्थितींत नसेल, तर ही वाट संपतच नाहीं.

वर्गांत "समजलें ना?" म्हणतांच साठ माना डोलतात. हा क्रमांक त्याहून प्रामाणिक आहे. तो पोंचल्याची पावती देतो, समजल्याचा आव आणीत नाहीं.

पण मला खरी भुरळ पडते ती त्या ६४ बाइटांची. त्यांना संगीत येत नाहीं. केवळ घेतां येतें. शेवटीं आरंभाचा पत्ता मिळाला, कीं सूत्रें नव्या प्रोग्रामाच्या हातीं देऊन ते बाजूस होतात. त्या प्रोग्रामानें मनांत आणलें, तर एका बिटानें त्यांना दृष्टीआड करून त्यांच्या जागची स्मृतिही त्याला वापरतां येते.

मला अक्षरें गिरवावयास लावणाऱ्या पहिलीच्या गुरुजींना इंग्रजी काव्य ठाऊक नव्हतें. त्या काव्यावर मीं तीस वर्षें व्याख्यानें दिलीं. त्यांत गुरुजींचें नांव कोठेंही नाहीं. त्यांच्यावांचून मात्र त्यांतील एकही ओळ माझ्यापर्यंत पोंचती ना.