मुकुटाखालचे चक्र

पदक म्हणजे शौर्याची खूण, एवढीच आपली साधारण समजूत असते. पण काही पदके एखाद्या दिवसाची आठवण म्हणूनही देतात. 15 ऑगस्ट 1947 रोजी भारतीय सैन्यात असलेल्यांसाठी असेच एक 'भारतीय स्वातंत्र्य पदक' काढण्यात आले. माझे पणजोबा तेव्हा फौजेत शिपाई होते, म्हणून ते आमच्या घरी आहे. जोडीला 1939 ते 1945 च्या महायुद्धाचेही एक पदक आहे. दोन्ही तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची, गोल. घरात मात्र दोन्हींना नाव एकच, 'बिल्ले'.

यंदा कॉलेजात स्वातंत्र्यदिनानिमित्त जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवायचे ठरले, म्हणून मी स्वातंत्र्य पदक नेले. एका वर्गमित्राने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "अगं, यावर तर इंग्रजांच्या राजाचा मुकुट आहे. हे कसले स्वातंत्र्याचे पदक? नको ठेवूस."

प्रश्न रास्त होता. पदकाच्या एका अंगाला अशोकचक्र आहे, पण चक्राच्या माथ्यावर मुकुट, आणि भोवती लॅटिन अक्षरे. फीत केशरी, पांढरी, हिरवी. मग हा मुकुट कशाला?

दुसऱ्या दिवशी मी युद्धाचे पदकही आणले आणि दोन्ही शेजारी ठेवली. लॅटिनचा अर्थ इतिहासाच्या सरांनी सांगितला. युद्धाच्या पदकावर मुकुट घातलेल्या राजाचा चेहरा आहे आणि त्याच्या बिरुदांत शेवटी 'हिंदुस्थानचा सम्राट' असे कोरले आहे. स्वातंत्र्य पदकावर चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी चक्र आले आहे. सहाव्या जॉर्जचे नाव आहे, तो राजा आहे, धर्मरक्षक आहे. पण 'हिंदुस्थानचा सम्राट' हे शब्द गेले आहेत. मागच्या बाजूचे सिंहही बदलले. युद्धाच्या पदकावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला ब्रिटिश सिंह; स्वातंत्र्य पदकावर सारनाथचे आपले सिंह.

कारण सरळ आहे. 26 जानेवारी 1950 पर्यंत भारत स्वतंत्र असला तरी प्रजासत्ताक नव्हता. राजा नावापुरता होता, आणि पदके त्याच्याच नावाने निघत. सम्राटपदाचा किताब त्याने 22 जून 1948 रोजी सोडला. हे पदक त्यानंतर महिन्याभराने, जुलैमध्ये जाहीर झाले. म्हणजे या दोन बोटांच्या धातूवर सत्ता जाता जाता पकडली गेली आहे. असा मधला काळ दाखवणारी वस्तू प्रदर्शनातून काढली, तर स्वातंत्र्य एका रात्रीत आले असे पोरांना वाटेल. मला ते पटेना.

एका मैत्रिणीने 1972 सालचे, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे पन्नास पैशांचे नाणे आणले. त्यावर संसद भवनासमोर तिरंगा धरलेले एक स्त्री-पुरुष आहेत. राजा नाही, मुकुट नाही, नेतासुद्धा नाही. साधी माणसे आहेत. आम्ही तिन्ही वस्तू ओळीने मांडल्या. मधल्या पदकाची चिठ्ठी त्या वर्गमित्रानेच लिहिली : 'राजा उठला आहे, मुकुट अजून उचलायचा आहे.'

मांडताना मी स्वातंत्र्य पदकाची कड उजेडात धरली. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेले आहे. पणजोबांना सही येत नव्हती. पगाराच्या कागदावर ते अंगठा उठवत, असे आजी सांगते. राजाचे नाव पदकाच्या तोंडावर, त्यांचे कडेला. पदक सपाट ठेवले की कड दिसत नाही. म्हणून मी मागे खडूचा एक तुकडा लावून ते उभे केले, आणि शेजारी त्यांचे नाव मराठीत लिहिले.