सांबारवडीची टिपणं

डिसेंबरात नागपूरच्या बाजारात सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, ढीग लागतात. जुडी एका मुठीत मावत नाही आणि भाव विचारावासाही वाटत नाही. सांबारवडीचे दिवस ते हेच. कुणी पुडाची वडी म्हणतात. उन्हाळ्यात मुठीएवढ्या जुडीचे वाट्टेल ते पैसे मोजून ही वडी करायची म्हणजे हौसेचं काम; आणि तेव्हाच्या पानाला तसा वासही नसतो.

*

सगळा खेळ पाण्याशी. कोथिंबिरीच्या पानात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं, त्यात आपण ती धुतो. म्हणून रात्रीच धुऊन, झटकून, सुती पंचावर पंख्याखाली पसरून ठेवावी. सकाळी मूठभर पानं हातात दाबून बघायची. तळवा कोरडा राहिला तरच विळी काढायची. शेजारच्या काकूंचं ठरलेलं वाक्य आहे: ‘‘सांबार वल्ला राह्यला तं वडी फुटतेच नं बाई.’’

*

सारण चार वाट्या चिरलेल्या सांबाराचं. त्यात अर्धी वाटी किसून भाजलेलं सुकं खोबरं, दोन-दोन चमचे भाजलेली खसखस आणि तीळ, थोडी चारोळी, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा, गरम मसाला, चिमूटभर साखर. खोबरं-खसखस चवीला तर हवीतच, पण सारणातली ओल पिऊन टाकायचं कामही त्यांचंच. ओलं खोबरं घालू नये.

मीठ मात्र सगळ्यात शेवटी, पाऱ्या लाटून तयार झाल्यावर. आधी घातलं की पाच-दहा मिनिटांत पातेल्याच्या तळाशी हिरवं पाणी दिसायला लागतं.

*

सांबार कच्चाच भरायचा की तेलावर परतून, यावर घराघरांत दोन तट. परतला की पाणी जातं, वडी फुटायची भीती कमी होते, पण पानाचा ताजा वासही त्या वाफेबरोबर कढईतून निघून जातो. मी कच्च्याच्या बाजूची. फार तर ठेचा आणि मसाला तेलात परतून घ्यावा, गॅस बंद करावा आणि मग त्यात सांबार कालवावा.

*

पारीला नुसतं बेसन चालत नाही. त्याला ताण नसतो, लाटताना कडा फाटतात. वाटीभर बेसनाला वाटीभर कणीक किंवा मैदा, हळद, तिखट, ओवा, मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. मोहन वाढवलं तर पारी खुसखुशीत होते खरी, पण दुमडताना मोडते. पुरीला भिजवतो तेवढं घट्ट भिजवावं.

*

घडी. पुरीपेक्षा मोठी, लांबट पारी लाटायची. आतल्या अंगाला तेलात कालवलेला काळा मसाला आणि चिंचेचा दाट कोळ यांचं बोट फिरवायचं, अगदी पुसट. मधोमध सारण आडवं ठेवून बोटांनी दाबायचं; हवा राहू द्यायची नाही. मग जवळची कड त्यावर ओढून गुंडाळी करायची, दोन्ही टोकं आत मुडपायची, शेवटच्या कडेला पाण्याचं बोट लावून चिकटवायची. जोड खाली करून ताटात ठेवली की स्वतःच्याच वजनानं बसते. सोडतानाही जोडाची बाजूच आधी तेलात.

*

आच मध्यम. तेल फार तापलं तर वरून लाल, आत पारी कच्ची. थंड असलं तर वडी तेल पिते. आधी बुडबुडे जोरात येतात, मग मंदावतात. ते मंदावले की झाऱ्यानं उलटावी, त्याआधी हात लावू नये.

*

भाकरवडी याच घराण्यातली, पण तिचं सारण कोरडं ठणठणीत, म्हणून ती डब्यात बसून पुण्याहून कुठेही जाते. सांबारवडी सकाळची संध्याकाळी मऊ पडते. तिचं नाव फार दूर गेलं नाही याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

*

दुबईला लेकाकडे निघालेल्यांनी सारणाचा कोरडा मसाला बरोबर नेऊ नये; त्यात खसखस असते आणि तिथे खसखशीवर बंदी आहे. अफूच्याच बोंडातलं बी ते. तिकडे जाऊन तीळ आणि खोबरं वाढवून करावी. चव थोडी उणी लागते, पण होते.

*

बरोबर ताकाची पातळ कढी, आलं-मिरचीची, गरम. वडी मोडून तीत बुडवायची की कढी वेगळी भुरकायची हे ज्याचं त्यानं बघावं. टोमॅटो सॉस घेऊन बसणाऱ्यांशी मी बोलत नाही.

*

सारण उरलं तर मीठ घातलेलं असल्यानं ते टिकत नाही. लगेच त्यात मावेल तेवढं बेसन आणि चमचाभर तेल घालावं, तव्यावर जाड धिरडी टाकावीत. पारीचं पीठ उरलं तर संध्याकाळच्या चहाला तिखट पुऱ्या.