फ्यूज कुणाला वाचवतो?

आपल्या भागातल्या घरांत विजेबद्दलचं सगळं शहाणपण एका वाक्यात बसतं. मराठी घरात "हात लावू नको", भिंतीपलीकडच्या कन्नड घरात "मुट्टब्याड". बडोद्याला आत्येभावाच्या घरी तेच वाक्य गुजरातीतून ऐकलं, "अडीश नहीं". पोर रांगू लागलं की बोर्डाकडे बोट दाखवून एकदा दरडावायचं. पुढचं काय ते फ्यूज बघून घेईल, अशी आपली समजूत. करंट गेला (आपल्याकडे लाईट जात नाही, करंटच जातो; कन्नडमध्येही "करंट होतु") की स्टुलावर चढायचं, चिनी मातीचा किटकॅट ओढून काढायचा, नवी तार बांधायची आणि खट्‌कन बसवायचा. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. हे काम ती कालपरवापर्यंत स्वतः करत होती, आणि गल्लीतल्या चार घरांचेही फ्यूज तिनंच बांधलेले आहेत.

२०२३ च्या पावसाळ्यात माहेरच्या त्याच गल्लीत एक काकू गेल्या. खानापूर तालुक्यातलं गाव, त्यात पावसाची झड. मागच्या पडवीला पत्रा, पत्र्याच्या लोखंडी खांबाला कपडे वाळत घालायची तार. पडवीतल्या दिव्याची वायर पत्र्याच्या कडेला वर्षानुवर्षं घासून उघडी पडली होती. काकू धुतलेली साडी तारेवर टाकायला गेल्या. अंगण ओलं, पाय अनवाणी. दीर धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत उशीर झाला होता.

दिवसांना जमलेल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला. फ्यूज का उडाला नाही? बोर्डावरचे दोन्ही फ्यूज शाबूत होते, घरातले दिवे जळत होते. कुणी म्हणालं तार जाड बांधली असेल. ती जाड नव्हती, आईनं स्वतः बांधलेली होती, पाच अँपिअरची, दुकानातल्या कार्डावरची. हे ऐकून आई गप्प झाली आणि पुढे कितीतरी दिवस तिनं तो विषय काढला की मी दुसरं काहीतरी बोलायची. मी कॉलेजात मराठी शिकवते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते मिळालं त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत, वाघोडियाला.

माझी आत्या बडोद्याला दिलेली. गायकवाडांच्या राज्यात गेलेली मराठी घरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आपण जसे मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवतो, तसे ते गुजरातीत संपवतात. दांडिया बझारात आत्याच्या घरी गेलं की मला परकं वाटत नाही ते यामुळेच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली तिथं कलाभवन काढलं, हातानं काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायचं म्हणून. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा त्यातूनच वाढलेली. विजेच्या सामानाचे कारखाने बडोद्याभोवती भरपूर, आणि त्या सामानाच्या चाचण्या करणारी 'एर्डा' ही संस्थाही १९७४ पासून बडोद्यातच आहे. आमचा दादा, म्हणजे आत्येभाऊ, शहरापासून वीसेक किलोमीटरवर वाघोडियाच्या जीआयडीसीत एका लहानशा कारखान्यात आहे. तिथं प्लग आणि सॉकेट बनतात. मी काकूंची हकिगत सांगितली तेव्हा तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चल, माझ्याबरोबर ये."

कारखान्याच्या चाचणीच्या खोलीत टेबलावर एक धातूचं बोट ठेवलेलं होतं. बोटच, दोन सांध्यांत वाकणारं, बारा मिलिमीटर जाड आणि ऐंशी मिलिमीटर लांब. जगभर हेच माप चालतं. प्रत्येक नव्या नमुन्याच्या सॉकेटच्या फटीत, प्लगच्या कडेला हे बोट सगळ्या बाजूंनी घालून बघतात. आत जिथं वीज खेळते तिथं ते टेकलं की नमुना बाद. लहान मूल काय करील याचा आधीच विचार करून हे बोट बनवलेलं आहे. त्याच्याशेजारी एक मिलिमीटरची पोलादी तार होती. ती सॉकेटच्या भोकांतून आत जाता कामा नये, कारण पोरं भोकात बोट घालत नाहीत, केसांचा आकडा घालतात. आणखी एका यंत्रात तारेचं वेटोळं लालबुंद तापवून प्लॅस्टिकला टेकवतात. वीज वाहणारे भाग ज्यानं धरून ठेवले आहेत ते प्लॅस्टिक ८५० अंश सेल्सिअसच्या तारेला उतरलं पाहिजे, बाकीचं ६५० अंशांना. तार बाजूला केल्यावर त्याची ज्योत आपोआप विझली पाहिजे.

हे सगळं बघून झाल्यावर मी विचारलं, "मग फ्यूज का नाही उडाला?"

दादानं कागद घेतला. "जो," तो म्हणाला, "घरातली वीज २३० व्होल्टची. ओल्या हातापायाच्या माणसाचा विरोध धर दीड हजार ओहम. भागाकार कर." उत्तर आलं साधारण दीडशे मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या सातव्या भागाइतकं. "आणि फ्यूज पाच अँपिअरचा. त्याची तार वितळायला त्याच्याही जवळजवळ दुप्पट लागतात, दहा अँपिअर. काकूंच्या अंगातून जे गेलं ते त्याच्या साठाव्या भागाहूनही थोडं कमी. फ्यूजच्या दृष्टीनं घरात एक बल्ब जास्त लागला, एवढंच. मामीनं तार बरोबरच बांधली होती."

फ्यूज माणसासाठी केलेलाच नाही. तो वायरीसाठी आहे. वायर तापून घराला आग लागू नये म्हणून मुद्दाम एक बारीक, कच्चा तुकडा मध्ये ठेवायचा आणि तो आधी जळू द्यायचा, एवढाच त्याचा विचार. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, करंट दुप्पट झाला तर ताप चौपट, म्हणून तो बारीक तुकडा आधी जातो. म्हणूनच त्याची तार जाड बांधणं वाईट. साध्या लवचिक वायरीतला एक केस साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो, पाच अँपिअरच्या फ्यूज तारेइतकाच. घाईत आपण असे तीन-चार केस पिळून बांधतो आणि मग भिंतीतली वायरच फ्यूज होते. पण तार अगदी बिनचूक बांधली तरी शॉक बसलेल्या माणसाची त्याला खबर लागत नाही.

मग माणसासाठी काय असतं? पहिली ती तिसरी पिन. आपण तिला 'वरची मोठी पिन' म्हणतो आणि नको तेव्हा करवतीनं कापून टाकतो. ती जाड आहे, चुकून खालच्या भोकात जाऊ नये म्हणून. ती लांब आहे, प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. चांगल्या सॉकेटात तीच पिन आत जाऊन खालच्या दोन भोकांवरचं शटर उघडते. मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर बसेना म्हणून आपण वरच्या भोकात पेन खुपसतो, तेव्हा नेमकं हेच दार आपण हातानं उघडत असतो. दादाच्या कारखान्यात आता शटर असं करतात की दोन्ही पिना एकदम दाबल्या तरच ते सरकतं. एका भोकात आकडा घातला तर हलत नाही. पेन खुपसायची गरजच उरत नाही.

या शटरमागे एका बाईचा आग्रह आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना ब्रिटनमध्ये युद्धानंतरच्या घरांतली वायरिंग कशी असावी हे ठरवायला वीस जणांची समिती बसली. त्यात बाई एकच, कॅरोलाइन हॅस्लेट. घरात राबणारी गृहिणी आणि रांगणारं मूल यांची बाजू तिनं लावून धरली. १९४७ साली जे नवं ब्रिटिश मानक आलं त्यात सॉकेटला शटर आलं, पिना चौकोनी झाल्या आणि प्रत्येक प्लगमध्ये त्याचा स्वतःचा फ्यूज बसला. आपल्याकडे तोवर १९३४ च्या जुन्या ब्रिटिश नमुन्याच्या गोल पिना रुळल्या होत्या, त्या राहिल्या. आपलं आयएस १२९३ हे मानक त्याच घराण्यातलं. प्लगमध्ये फ्यूज नसल्यामुळे आपल्याकडे टेबलावरच्या दिव्याच्या बारीक वायरीची राखणही मेन बोर्डावरच्या फ्यूजनंच करायची.

तिसऱ्या पिनेची एक अडचण दादानं सांगितली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ती पिन शेवटी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेली असते. पत्र्याला अर्थिंग असतं तर बिघाड होताच करंट खड्ड्यात गेला असता. खड्ड्याचा विरोध दहा ओहम असेल तर २३ अँपिअर जातात, पाचचा फ्यूज ताबडतोब उडतो. पण मीठ-कोळसा घालून वीस वर्षं झालेली, खड्डा एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत, विरोध पन्नास ओहम. मग जातात साडेचार अँपिअर. फ्यूज शांत आणि पत्रा तसाच जिवंत. खड्ड्यात पाणी घालायला सांगणारा जुना वायरमन आपल्याला विक्षिप्त वाटायचा, तो बरोबर होता.

फ्यूजला आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे सैल सॉकेट. दोन किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो. सॉकेटातल्या पितळी पट्टीची पकड सुटून तिथं अर्धा ओहम जरी विरोध आला, तरी त्या एका टोकाला अडतीसेक वॉट उष्णता साठते. भिंतीत सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं. करंट वाढलेला नाही, त्यामुळे फ्यूजची काही तक्रार नाही. प्लग गरम लागतो, प्लॅस्टिक पिवळं पडतं, वास येतो, आणि आपण म्हणतो व्होल्टेज कमी-जास्त होतंय. म्हणून कारखान्यात ती पट्टी हजारो वेळा पिना आतबाहेर करून बघतात. स्वस्त सॉकेट आणि चांगलं सॉकेट यांतला फरक बाहेरून दिसत नाही, तो या पट्टीत असतो.

खरं उत्तर मात्र वेगळ्या वस्तूचं आहे. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या लोकांवर प्रयोग करून किती करंटला हाताची मूठ सुटेनाशी होते ते मोजलं. पुरुषांची सरासरी सोळा मिलिअँपिअर आली, बायकांची साडेदहा. पुढे १९६१ मध्ये त्यांनी अशी युक्ती काढली की जाणारा आणि परत येणारा करंट यांची सतत तुलना व्हावी आणि मधलं थोडंसं कुठं गळालं की पुरवठा तुटावा. आपल्या बाजारात आरसीसीबी म्हणून मिळतो तो याच तत्त्वाचा. घरासाठी तीस मिलिअँपिअरचा. काकूंच्या अंगातून दीडशे गेले. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पडला असता. खड्डा कोरडा असो की ओला, फ्यूजची तार कशीही असो. एक मात्र लक्षात ठेवायचं. दोन्ही हातांनी फेज आणि न्यूट्रल एकदम धरले तर त्यालाही कळत नाही, आणि वायरीची राखण तो करत नाही. त्याच्या जोडीला एमसीबी लागतेच.

घरी येऊन मी आईला आधी दादाचा हिशोबाचा कागद दाखवला. ती सातवीपर्यंत शिकलेली. साठाव्या भागाचं तिला समजलं. "म्हणजे माझी तार..." एवढंच बोलली आणि कागद तिनं पोथीत ठेवला.

पुढचं सोपं गेलं नाही. पुण्याचा भाऊ म्हणाला, चार-पाच वर्षांत घर पाडायचंच आहे, आता कशाला खर्च? मी म्हटलं, पाडेपर्यंत त्यात आई राहणार आहे. वायरमननं किटकॅट काढून एमसीबी आणि आरसीसीबी बसवले, अर्थिंगचा खड्डा नवा केला, स्वयंपाकघरातली आणि न्हाणीतली सॉकेटं बदलली. पहिल्या पावसात आरसीसीबी तीन वेळा पडला. आई वैतागली, "याच्यापेक्षा माझा फ्यूज बरा होता." वायरमन म्हणाला, "ताई, जुन्या घराला हे झेपत नाही, काढून टाकू." बहुतेक घरांत ही वस्तू इथंच निघते. मी दादाला फोन केला. त्यानं एकेक एमसीबी बंद करून बघायला सांगितलं. विहिरीच्या मोटारीची बंद केली तशी कटकट थांबली. तिच्या वायरीचा जोड विहिरीच्या कठड्याशी नुसती चिकटपट्टी गुंडाळून केलेला होता, पाण्यात भिजत होता. आई रोज सकाळी त्याच कठड्यावर हात ठेवून आत डोकावते.

जोड बदलला. तेव्हापासून तो स्विच आपोआप पडलेला नाही. महिन्यातून एकदा त्याच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून तो पडतो का बघायचं असतं, ते आई करते. काकूंचे दीर एकदा येऊन बोर्ड बघून गेले, वायरमनचा नंबर घेऊन गेले. त्यांच्या पडवीतली तार त्यांनी तेव्हाच काढली होती. कपडे आता नायलॉनच्या दोरीवर वाळतात.