बँकॉकचे सोडे

बँकॉकला रस्त्यावरच्या गाडीवर बाईने कच्च्या पपईचा कीस, मिरची, लसूण उखळात ठेचून त्यात सुके सोडे टाकले. या कोशिंबिरीला तिकडे ‘सोम तम’ म्हणतात. आम्हाला धसई आठवली. पावसाळ्याआधी आम्हीही सुकट-बोंबील भरून ठेवतो. पण कल्याणला भाड्याच्या खोलीत सुकट भाजायची तर आधी खिडकी लावायची. वासावरून घरमालक जात ओळखतो. इथे डोक्यावरून १९९९ पासूनची उन्नत रेल्वे धावते आणि खाली कचेरीतले साहेब, हमाल एकाच गाडीवर तेच खातात. नाक कुणी मुरडत नाही! पहाटे भिक्खूंच्या पात्रातही लोक भाताबरोबर मासळी वाढतात. आंब्याबरोबरचा गोड चिकट भात मात्र आमच्या घशाखाली उतरला नाही. भाताला कालवणच हवे.